पेटीतला पिंजरा

१२ फेब्रुवारी

सुटले एकदाची! बारावीची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल संपली. दिवसभर पोरांची ब्युरेटशी झटापट बघायची आणि संध्याकाळी रिसर्च सेंटरला जाऊन स्वतःचं अपयश बघायचं, असं सध्या माझं चाललंय.

आज मॅडमनी बसवून घेतलं. अंजली मॅडम माझ्या पीएचडीच्या गाईड. वयानं माझ्याहून तीन वर्षांनी लहान, त्यामुळे त्या मला छाया मॅडम म्हणतात, मी त्यांना मॅडम म्हणते, आणि नवीन माणसाला गाईड कोण तेच कळत नाही. म्हणाल्या, "छाया मॅडम, जूनअखेर तुमचं रजिस्ट्रेशन संपतंय. मुदतवाढ घेऊन झालीय. शेवटच्या प्रकरणाला क्रिस्टल हवा म्हणजे हवाच. तो नसेल तर कमिटी प्रबंध पुढे जाऊ देणार नाही."

मला काय कळत नाही का? पण क्रिस्टल काय मंडईत मिळतो?

काय करतेय ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे उद्या पीएचडी बुडाली तर कशापायी बुडाली ते तरी वाचता येईल. पॅलेडियम हा धातू. त्याच्या अणूला चार हात, चारी एका पातळीत, चौकोनासारखे. माझे सेंद्रिय रेणू केळ्यासारखे वाकडे, दोन्ही टोकांना नायट्रोजन. दोन पॅलेडियम आणि चार केळी या हिशेबानं द्रावणात सोडायचे, कोमट करायचं आणि गप्प बसायचं. ते आपले आपण जुळतात. वर एक पॅलेडियम, खाली एक, मधे चार वाकड्या सळ्या. झाला पिंजरा! कुणी जोडत नाही, कुणी सांगत नाही. इतकी वर्षं झाली तरी मला याची गंमत वाटते.

पण पिंजरा झाला हे दाखवायचं तर त्याचा स्वच्छ क्रिस्टल पुण्याला पाठवून एक्स-रेनं बघावा लागतो. आणि माझ्याकडे दर वेळी पडते भुकटी. रांगोळीसारखी. फ्रिज थरथरतो, लाइट जाते, पारा वरखाली होतो, आणि भुकटी.

१५ फेब्रुवारी

नवनाथ एकदम म्हणाला, "आमच्या कोल्डरूमला का नाय ठेवत? अर्धा डिग्री हलत नाय तिथं. लाइट गेली तर जनरेटर हाय."

(तोंडावर अहो, वहीत नवनाथ. वही माझी आहे.)

नवनाथ पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये, म्हणजे एक्स्पोर्टची द्राक्षं पेटीत भरून गार ठेवतात तिथे, सुपरवायझर आहे. सध्या सीझन जोरात, अंगाला द्राक्षाचा वास घेऊनच घरी येतो. इतकी वर्षं माझ्या कामात त्यानं कधी नाक खुपसलं नाही, आणि आज सुचवलं ते नेमकं कामाचं. मला लग्नाच्या इतक्या वर्षांनी नव्यानं कौतुक वाटलं.

तर उघडी छोटी बाटली, तिच्यात पिंजऱ्याचं द्रावण. ती एका घट्ट झाकणाच्या बरणीत. बरणीच्या तळाला इथाइल अ‍ॅसिटेट, नेलपॉलिश काढायच्या औषधाच्या वासाचं. त्याची वाफ हळूहळू द्रावणात शिरते आणि नशीब असेल तर क्रिस्टल धरतात. नवनाथला बजावलं, हलवायचं नाही, कोपऱ्यातल्या शेल्फवर ठेवायचं.

"माल कसा ठेवायचा ते मला नको शिकवू," म्हणाला. जॅकेटच्या आत, पोटाशी धरून घेऊन गेला.

८ मार्च

आले! आले आले आले!

कॉलेजात महिला दिनाचं गुलाबाचं फूल आणि गार समोसा घेऊन घरी आले तर नवनाथ बरणी घेऊन बसलेला. तळाशी जराशी काळी भुकटी होती, म्हणजे थोडं पॅलेडियम द्रावणातून सुटून परत नुसता धातू होऊन वाया गेलं. पण कडेला! फिकट पिवळे, कोरीव, खडीसाखरेसारखे. मी खिडकीजवळ नेऊन बघत राहिले. मला रडू आलं.

"बघ," नवनाथ म्हणाला, "नीट पॅक केला की माल खराब होत नाय."

गुलाबाचं फूल त्यालाच देऊन टाकलं.

२७ मार्च

पुण्याहून निकाल आला. पिंजरा आहे. मी जसा कागदावर काढत होते अगदी तस्सा. मॅडमना फोन केला तर दोघी एकदमच बोलायला लागलो.

मग मॅडम म्हणाल्या, "शेवटचं पान बघितलंत का? आत कुणीतरी बसलंय."

पिंजऱ्याच्या पोकळीत एक अणू, त्याच्याभोवती चार. पुण्याच्या क्रिस्टलवाल्या सरांच्या मते तो सल्फेट आहे. सल्फेट! म्हणजे गंधक आलं. माझ्या सगळ्या प्रयोगात एका बाटलीवर गंधकाचं नाव नाही. मी कपाट उपसून एकेक लेबल वाचलं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आत काय आहे आणि कुठून आलं ते सांगता आलं नाही तर कमिटी म्हणेल भांडी धुता येत नाहीत. परत करून दाखवा. नाहीतर हे प्रकरण काढावं लागेल."

प्रकरण काढलं तर उरतं काय? प्रस्तावना आणि आभार.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली, श्रीखंड केलं. जेवताना नवनाथला सांगितलं, "कुणीतरी माझ्या बाटलीत घाण केलीय."

त्याचा घास हातातच राहिला. "घाण म्हणजे?"

"गंधक. कुठून आलं ते कळलं नाही तर जूनमध्ये माझी पीएचडी संपली म्हणून समजा."

पुढे नीट जेवलाच नाही. श्रीखंड त्याच्या जिवाभावाचं, तेही वाटीत तसंच. सीझनमध्ये जेवणाच्या वेळा पाळत नाही, मग अ‍ॅसिडिटी होणार नाही तर काय! गोळी दिली. मुकाट्यानं घेतली.

४ एप्रिल

मला एक गोष्ट दिसायला लागलीय. आमच्या लॅबमध्ये मी सोडून एकच विद्यार्थिनी, हर्षाली. अंबडला तिचे वडील कारखान्यात आहेत, पोरगी हुशार, फेलोशिपवर आहे. आणि तिचं सगळं काम सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये! तिची भांडी आणि माझी भांडी एकाच ओव्हनमध्ये सुकतात. अजून कुणाचं नाव घ्यायचं?

आज माझ्या बाटल्यांना लाल टेप लावली. तिनं बघितलं.

१९ एप्रिल

लॅबच्या फ्रिजमध्ये लावलं: भुकटी. मॅडमच्या केबिनमध्ये एसीखाली लावलं: भुकटी. नवनाथबरोबर परत पाठवलं होतं, तेही आज आलं. भुकटीच. तीच कोल्डरूम, तोच माणूस, तीच बरणी.

"या वेळी शेल्फवर ठेवलं ना?" मी विचारलं.

"शप्पथ. शेल्फवरच ठेवलं. हातसुद्धा लावला नाय."

बिचारा. येताना न सांगता हापूसची पेटी घेऊन आला. परवा मिसळ खायला घेऊन गेला, त्याआधी माझी गाडी धुऊन ठेवली. मला वाटतं नवीन मोटरसायकल हवी असणार. विचारत नाही, मीही विषय काढत नाही.

मधेच म्हणाला, "ते गंधक काचेतून आत जातं का?"

मला हसूच आलं. "काचेतून काही जात नाही हो."

"आणि झाकणातून?"

"घट्ट असेल तर नाही."

हं म्हणाला आणि तुळशीला पाणी घालायला गेला. तुळशीला मी मघाशीच पाणी घातलं होतं.

६ मे

आज फार वाईट झालं. मी फार वाईट वागले, पण त्या वेळी मला ते बरोबर वाटत होतं.

हर्षाली ओव्हनमधून भांडी काढत होती आणि माझं एक चंचुपात्र तिच्या हातात होतं. माझा तोल गेला. म्हटलं, "तुझ्या अ‍ॅसिडनं माझी सहा वर्षं खाल्ली, आता हेही ने."

ती म्हणाली, "ताई, तुमच्या काचेला हात लावायची मला भीती वाटते. लाल टेप लावल्यापासून मी ओव्हनसुद्धा तुमच्या नंतर वापरते. हे पात्र खाली पडत होतं म्हणून धरलं." आणि रडायलाच लागली. आवाज ऐकून मॅडम आल्या. त्या म्हणाल्या, असं असेल तर दोघींकडून लेखी घ्यावं लागेल, हर्षालीच्या फेलोशिपचा अहवाल याच महिन्यात जायचाय, त्यात हे नमूद करावं लागेल.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. घरी येऊन नवनाथला सगळं सांगितलं. त्यानं टीव्ही बंद केला फक्त.

७ मे

सकाळी चहा ठेवला होता. नवनाथ स्वयंपाकघराच्या दारात उभा. अंघोळ नाही, कामावर जायची घाई नाही.

"त्या पोरीला काय बोलू नको," म्हणाला.

"का?"

"तिचा काय संबंध नाय. मी शेल्फवर नव्हतं ठेवलं."

मला कळेचना. "कधी?"

"पहिल्या टायमाला. पेटीत ठेवलं होतं. आपली द्राक्षाची पेटी असती ना, पाच किलोची. आतून प्लास्टिक, मधी तुझी बरणी, कडेनं कागदाचे बोळे, आणि वरून औषधाचा कागद. एकदम एक्स्पोर्टचा माल भरतो तशी भरली. मला वाटलं, तुझा एवढा नाजूक माल, उघड्या शेल्फवर काय ठेवायचा?"

"औषधाचा कागद कशाला?"

"बुरशी येऊ नये म्हणून. प्रत्येक पेटीत जातोच. बिगर कागदाची पेटी मी आजवर आत जाऊ दिली नाय."

मी चहा बंद केला. "आणि झाकण?"

खाली बघायला लागला. "एक आटा सैल केला. पॅकबंद मालाला घाम फुटतो, छाया. जरा हवा लागली पायजे."

"अहो, ती काय द्राक्षं होती का!" मी ओरडलेच. "आणि हे आज सांगताय? पाडव्यापासून मी डोकं फोडून घेतेय!"

"सांगणारच होतो," तो म्हणाला. "तू म्हणलीस, कुणीतरी घाण केली, पीएचडी संपली. मला वाटलं, तुझं एवढ्या वर्षांचं काम मी नासवलं. तोंड उघडंना माझं. दुसऱ्या टायमाला शप्पथ नीट ठेवलं, म्हणलं आता तरी होईल. तर तेही नाय झालं. आता त्या पोरीवर चाललंय, म्हणून बोललो. काय बोलायचं ते मला बोल."

बोलणार होते. खूप बोलणार होते. शब्द तोंडाशी आले होते. आणि मधेच थांबले.

"त्या कागदात असतं काय?"

"पावडर असती. पेटीत दमटपणा आला की गॅस सुटतो. वास येतो की, नाकाला झोंबतो. गंधकाचा."

मी बारावीला शिकवते हे! सल्फर डायऑक्साइड! दर वर्षी फळ्यावर लिहिते, फळं टिकवायला वापरतात म्हणून पोरांकडून पाठ करून घेते! तो गॅस सैल झाकणातून आत आला, द्रावणात विरघळला. थोड्या पॅलेडियमनं त्याचं सल्फेट केलं आणि स्वतः काळं पडून तळाला बसलं, ती काळी भुकटी ती. आणि उरलेल्यांनी त्या सल्फेटला मधे घेऊन पिंजरे बांधले. म्हणून क्रिस्टल आले. सल्फेट घाण नव्हती. त्याच्यामुळेच तर सगळे ओळीत बसले. नंतर शेल्फवर नीट ठेवलं, झाकण घट्ट, कागद नाही, म्हणून भुकटी!

मी नवनाथला मिठी मारली. चहाचं गाळणं हातात तसंच. त्याला काही कळेना. "अगं, चिडलीस का हसतीस, एक काय ते कर," म्हणायला लागला.

चिडणार आहे. पण आज नाही.

८ मे

मॅडमना सगळं सांगितलं. आधी म्हणाल्या, "द्राक्षाची पेटी?" मग परत म्हणाल्या, "द्राक्षाची पेटी?" मग खुर्चीत मागे टेकून इतक्या हसल्या की हर्षाली दारातून डोकावली.

तिच्यासमोरच म्हटलं, हर्षाली, माझं चुकलं, तुझा काडीचा संबंध नव्हता, मी उगाच तुझ्यावर घसरले. लेखीबिखी काही नाही, मॅडमनी जबाबासाठी काढलेला कागद फाडून टाकला. हर्षाली पटकन विरघळणाऱ्यातली नाही. म्हणाली, "ठीक आहे ताई. पण ती लाल टेप तुम्हीच काढा. सगळी." काढली. नखं दुखली.

आता परीक्षा. कागदबिगद काही नाही. साध्या द्रावणात सल्फेटचा एक क्षार, चिमटीपेक्षा कमी, मोजून घातला. बरणी लॅबच्या त्याच थरथरत्या फ्रिजमध्ये. शेजारी तीच बरणी, पण बिनसल्फेटची. झाकणं दोन्हीची घट्ट. हर्षालीनं स्वतःहून दोन्हींवर तारीख घातली.

झालं तर झालं. मला आता झोप येतेय, किती तरी दिवसांनी आपोआप येतेय.

२५ मे

सल्फेटच्या बरणीत क्रिस्टल. बिनसल्फेटच्या बरणीत भुकटी. हर्षालीनं आधी बघितलं आणि मला कॉलेजात फोन केला. अकरावीच्या प्रवेशाचं काम चाललं होतं, मी "येते गं" एवढंच म्हणू शकले, कारण समोर पालक बसले होते. पालक म्हणाले, मॅडम, घरी काही झालं का? म्हटलं, हो, चांगलं झालं.

नवनाथला कळवलं. उत्तर आलं, "झाकण?" मी लिहिलं, "घट्ट." त्यानं हात जोडलेलं चित्र पाठवलं.

११ जून

पुण्याहून पक्कं झालं. तोच पिंजरा, आत तेच सल्फेट. नवीन क्रिस्टल तर आधीच्याहून स्वच्छ, काळं काही नाही.

कमिटीसमोर सेमिनार अठराला. तिथे हो म्हणाले तर प्रबंध जमा करता येईल. मॅडम म्हणाल्या, "छाया मॅडम, सल्फेट विचार करून घातलं असंच मांडा. पेटीचं कशाला? बाहेरचे तज्ज्ञ सर कडक आहेत. हसण्यावारी नेलं तर उगाच घोटाळा."

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. मलाही कुठे द्राक्षाची पेटी पडद्यावर दाखवायची हौस आहे? स्लाइड काढून टाकली. काढून टाकल्यापासून मात्र बोलायची तयारी करताना दर वेळी त्याच जागी अडखळते.

१८ जून

झालं.

नवनाथ मला सोडायला आला होता. म्हटलं जा, तर म्हणाला सुट्टी टाकलीय. सेमिनार हॉलमध्ये शेवटच्या रांगेत हर्षालीच्या शेजारी जाऊन बसला, इस्त्रीच्या शर्टात.

सगळं नीट चाललं होतं. पिंजरा दाखवला, आतलं सल्फेट दाखवलं, दोन बरण्यांचा प्रयोग दाखवला. तज्ज्ञ सरांनी चष्मा काढला. "काम चांगलं आहे. पण मला एक सांगा, सल्फेट घालावं हे तुम्हाला सुचलं कसं? तुमच्या आधीच्या एकाही प्रकरणात त्याचा उल्लेख नाही."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. उत्तर पाठ होतं. अशा आकाराचे आयन पोकळीत बसतात, अमुक तमुक. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "सर, मला सुचलं नाही. आमच्याकडे द्राक्षाच्या पेटीत ते चुकून गेलं."

मग सगळंच सांगितलं. पेटी, कागद, सैल झाकण, काळी भुकटी. हॉलमध्ये कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेटीत ठेवली कुणी?"

माझ्या आधी नवनाथच उभा राहिला. शाळेत मास्तरांनी नाव घेतल्यावर पोरगं उभं राहतं तसा. हात मागे. "मी सर. झाकण पण मीच सैल केलं. तिला विचारलं नव्हतं. तिची काय चूक नाय, तिला पास करा."

सर आता हसले. पण वाईट नाही. "अहो, बसा. चुकीबद्दल नाही विचारत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे प्रबंधात आलंच पाहिजे. जसं झालं तसं. दुसऱ्या कुणाला असाच क्रिस्टल मिळाला तर त्यानं कुठे शोधायचं? आणि यांचं पूर्ण नाव लिहा." कमिटीनं तिथेच सह्या केल्या. प्रबंध जमा करायला परवानगी. मी शेजारी जाऊन बसले तर मॅडमनी टेबलाखाली माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

सगळ्यांचं चहापाणी होईपर्यंत नवनाथ कुठे दिसेना. पार्किंगमध्ये सापडला. गाडीला टेकून उभा, डोक्यात हेल्मेट, काच खाली ओढलेली. गाडी बंद, किल्ली हातात.

"चला," म्हटलं.

"थांब जरा."

"अहो, एवढ्या उकाड्यात हेल्मेट घालून काय उभे राहिलात? काढा ते."

"थांब म्हणलं ना." आवाज नेहमीचा नव्हता.

आज मला गोळी द्यावीशी वाटली नाही, मोटरसायकलही आठवली नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्याच्याकडे बघितलं. पाडव्यापासून या माणसाला वाटत होतं की माझं आयुष्य त्यानं नासवलं, आणि तो मुकाट्यानं माझी गाडी धूत होता. मी काच वर केली नाही. शेजारी गाडीला टेकून उभी राहिले.

मग हेल्मेटच्या आतून आवाज आला, "म्हणजे खरंच झालं ना?"

"झालं," म्हटलं. "अहो, खरंच झालं."